पंचवीस लाख, यवतेश्वरचा घाट आणि किती हॉर्सपॉवर विकत घ्यायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राहणं साताऱ्यात, रोज एमआयडीसीपर्यंत ये-जा, सुट्टीच्या दिवशी यवतेश्वरच्या घाटाने कास नाहीतर महाबळेश्वर, महिन्यातून एक-दोनदा पुणे. सगळं धरून पंचवीस लाखांत बसेल आणि चालवताना मजा येईल अशी गाडी हवी. समोर तीन पर्याय: नवी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी १.५, सेकंड हँड स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०, किंवा तेवढ्याच पैशांत मिळणारी दहा-अकरा वर्षं जुनी, दोन दारांची जर्मन स्पोर्ट्स कार. रुपयामागे सगळ्यात जास्त परफॉर्मन्स कुठे मिळतो?

उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. नवी व्हर्टस जीटी घ्या, जमलं तर मॅन्युअल, आणि बजेटमधला लाखभर रुपया टायर-ब्रेकसाठी बाजूला ठेवा. आरएस २३० ही यापेक्षा चांगली गाडी आहे, पण ती कोणती, कुणाकडची आणि कशी तपासलेली यावर सगळं अवलंबून आहे. दोन दारांची जुनी जर्मन गाडी पंचवीस लाखांत विकत घेता येते, सांभाळता येत नाही.

आता परफॉर्मन्स म्हणजे काय ते आधी ठरवू. जाहिरातीत शून्य ते शंभर किती सेकंदांत, एवढाच आकडा असतो. पण आपल्या रस्त्यांवर थांबलेल्या गाडीवरून एका दमात शंभर गाठायचा प्रसंग टोलनाक्यानंतर येतो, बाकी कुठे येत नाही. खरं काम पडतं ते ४० ते १०० या टप्प्यात, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, पुढे मालाचा ट्रक आणि समोरून एसटी येत असताना. म्हणून हिशोब तिथेच करू.

ट्रक ५० च्या वेगाने चाललाय, लांबी १२ मीटर. तुमची गाडी साडेचार मीटर. मागे दहा आणि पुढे दहा मीटर अंतर सोडलं तर ट्रकच्या तुलनेत तुम्हाला सुमारे ३६ मीटर जास्त जायचंय. दर सेकंदाला दीड मीटर प्रति सेकंद इतका वेग वाढवणाऱ्या साध्या १.२ लिटर हॅचबॅकला यासाठी ६.९ सेकंद लागतात आणि तोवर ती १३२ मीटर रस्ता खाते. हाच वेगवाढीचा दर अडीच असेल, म्हणजे साधारण व्हर्टस जीटीच्या वर्गातली गाडी असेल, तर ५.४ सेकंद आणि १११ मीटर. आणि दर पाच असेल, म्हणजे बीएमडब्ल्यू एम३४०आयसारखी ३७४ पीएसची (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) गाडी असेल, तर ३.८ सेकंद आणि ८९ मीटर.

म्हणजे पहिल्या उडीत दीड सेकंद वाचला, दुसऱ्या उडीतही जवळपास तेवढाच. पहिल्या उडीची किंमत दहा-बारा लाख, दुसरीची साठ लाखांच्या वर. शिवाय एम३४०आय ओव्हरटेक संपताना ११८ च्या वेगात असते. दोन पदरी रस्त्यावर तो वेग कायद्यात बसत नाही आणि पुढच्या वळणावर तो उतरवायचाही असतो. रुपयामागे परफॉर्मन्स मोजायचा तर तो असा मोजायला हवा. तसा मोजला की १५० पीएसच्या आसपास उत्तम माल मिळतो आणि त्यापुढे प्रत्येक सेकंदाचा भाव झपाट्याने चढतो.

वजन विसरू नका. पीएसचा आकडा एकटा काही सांगत नाही, त्याला टनांनी भागावं लागतं. व्हर्टस जीटीचे १५० पीएस साधारण सव्वा टन ओढतात, म्हणजे टनामागे १२०. एम३४०आयचे टनामागे सुमारे २१४. इलेक्ट्रिक बीवायडी सीलच्या सर्वांत ताकदवान आवृत्तीत ५३० पीएस आहेत, पण वजन २,१८५ किलो, म्हणजे टनामागे २४२. सरळ रस्त्यावर ही गाडी या यादीतल्या सगळ्यांना मागे टाकते, यात वाद नाही. वळणावर आणि उतारावर मात्र ते दोन टन टायरनाच सांभाळायचे असतात.

वळणांचं गणित तर आणखी निर्दयी आहे. पसरणी किंवा आंबेनळी घाटातलं एखादं हेअरपिन वळण १५ मीटर त्रिज्येचं धरा. चांगल्या टायरवर कोरड्या रस्त्यात तिथून जास्तीत जास्त ३९ च्या वेगाने जाता येतं. पावसात पकड कमी झाली की ३१. या हिशोबात इंजिनाची ताकद कुठेच येत नाही, फक्त टायरची पकड आणि वळणाची त्रिज्या. १५० पीएसवाला आणि ५०० पीएसवाला, दोघेही तिथे ३९ लाच. त्यातून दोन वळणांमधला सरळ तुकडा शे-दीडशे मीटरचा. तिथे ५०० पीएसवाला पेडल पूर्ण दाबायच्या आत ब्रेकवर येतो.

म्हणून पहिला खर्च टायरचा. व्हर्टसला २०५/५५ आर१६ मापाचे टायर येतात. चांगल्या कंपनीचा, ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी नावाजलेला टायर आठ ते अकरा हजारांत मिळतो, म्हणजे संच पस्तीस ते पंचेचाळीस हजारांत. गाडीसोबत येणारे टायर बहुतेक वेळा ॲव्हरेज आणि टिकाऊपणा डोळ्यांपुढे ठेवून निवडलेले असतात. त्यांचं रबर कडक असतं. टायरच्या बाजूला ट्रेडवेअरचा आकडा छापलेला असला तर पाहा: ४००-५०० म्हणजे कडक आणि दीर्घायुषी, २००-३०० म्हणजे मऊ, चिकट आणि लवकर झिजणारा. आपल्याला मधला, साधारण ३०० च्या आसपासचा पुरतो. ओल्या रस्त्यावर ८० वरून थांबायला कडक टायर सुमारे ४१ मीटर घेत असेल आणि चांगला टायर ३१, तर त्या दहा मीटरचा भाव चाळीस हजार झाला. ओव्हरटेकमध्ये साठ लाख मोजून २२ मीटर वाचले होते, ते आठवा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा ओल्या रस्त्याचा हिशोब आपल्याकडे चार महिने चालतो.

रिम मोठी करायचा मोह आवरा. २०५/५५ आर१६ मध्ये टायरची भिंत ११३ मिलिमीटर उंच असते, २२५/४० आर१८ मध्ये ९०. ते २३ मिलिमीटर म्हणजे खड्ड्यात रिम वाकण्या-न वाकण्यातला फरक. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी दबलेले साखर कारखान्यांकडचे रस्ते, पावसाने उखडलेला कास रस्ता, हायवेच्या कामाची वळणं, हे सगळं कमी भिंतीच्या टायरचं मरण आहे. बाजूला फुगा आला की तो टायर दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो. रन-फ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे टायर असलेल्या गाडीत बऱ्याचदा स्टेपनीच नसते, आणि तो आकार साताऱ्यातल्या दुकानात तयार मिळेलच असं नाही.

ब्रेककडे लोक सगळ्यात शेवटी बघतात. वाईपासून पाचगणीपर्यंत चढ साडेपाचशे मीटरहून अधिक आहे. दीड टनांची भरलेली गाडी तेवढी खाली उतरते तेव्हा सुमारे ८० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी १०० वरून पूर्ण थांबायला अशा गाडीला पावणेसहा लाख ज्यूल जिरवावे लागतात. म्हणजे नुसता पसरणी घाट उतरणं हे शंभरवरून चौदा वेळा कडक ब्रेक मारण्याइतकं आहे, आणि तेही जेमतेम वीस मिनिटांत. वरचा गिअर ठेवून ब्रेकवर उतरलात की हा सगळा ताप डिस्क आणि पॅडमध्ये जातो. पॅड तापून पकड सोडतात, पेडल कडक राहतं पण गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल उकळलं तर उलट होतं: पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली जातं. दोन्हींची कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू ते नवं असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर किमान १५५. डॉट ५.१ चे हेच आकडे २६० आणि १८०. डॉट ४ च्या जागी डॉट ५.१ चालतं, दोन्ही एकाच जातीची. पण नुसतं डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते चुकूनही टाकू नका, सील आणि एबीएसचं नुकसान होतं. दर दोन वर्षांनी, आणि आपल्या पावसात दर पावसाळ्यानंतर तपासून, बदला. खर्च दोन-अडीच हजारांचा. व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हियाला मागे ड्रम ब्रेक आहेत यावरून पुष्कळ चर्चा होते. कागदावर ते खटकतं, पण ब्रेकिंगचा मोठा वाटा पुढची चाकं उचलतात, त्यामुळे पुढचे चांगले पॅड आणि ताजं ऑइल यांनी नव्वद टक्के तक्रार संपते. मागेही डिस्क हवीच असेल तर ह्युंदाई व्हर्ना टर्बोची वरची आवृत्ती पाहा: १६० पीएस, २५३ न्यूटन-मीटर टॉर्क (चाकं फिरवण्याचा जोर). स्टिअरिंगमधून रस्ता कळणं आणि वळणात अंग न टाकणं यात मात्र मी व्हर्टसला वरचढ मानतो.

उंचीचा मुद्दा फारसा कुणी काढत नाही. हवा विरळ झाली की साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर शंभर मीटरला साधारण एक टक्का घटते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे समुद्रसपाटीवर २०० पीएस देणारं मोठं साधं इंजिन तिथे १७५ च्या आसपास उरतं. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो. जुन्या, मोठ्या, विनाटर्बो सहा सिलिंडर इंजिनांचा आवाज स्वर्गीय असतो हे खरंय, पण पैसे मोजून घेतलेली ताकद घाटमाथ्यावर पूर्ण मिळत नाही, हेही तितकंच खरं.

गिअरबॉक्समध्ये मला सगळ्यात जास्त वेळ घालवायचाय, कारण इथेच पैसे बुडतात. व्हर्टस जीटीचा सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, हा कोरड्या क्लचचा, डीक्यू२०० प्रकारचा आहे. त्याची टॉर्क पेलण्याची मर्यादा २५० न्यूटन-मीटर, आणि इंजिन कारखान्यातूनच २५० देतं. वर जागा शिल्लक नाही. सामान्य वापरात तो छान चालतो. त्रास होतो तो मे महिन्यातल्या पाचगणीच्या रांगेत किंवा खंबाटकीच्या तुंबलेल्या चढावर: गाडी इंच-इंच पुढे सरकवली की क्लच अर्धवट पकडून घासत राहतो, तापतो, आणि शेवटी डॅशबोर्डवर इशारा येतो. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, ब्रेकवर धरा. पुढच्याला एक-दोन गाड्यांइतकं अंतर जाऊ द्या आणि मग एकदम, क्लच पूर्ण पकडेल इतक्या वेगाने पुढे जा. क्लचचा संच लाखाच्या घरात जातो, मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर आणि क्लच हलवणारा इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक भाग, त्याहून वर. वॉरंटी वाढवून मिळत असेल तर डीएसजीवाल्याने ती घ्यावीच.

मॅन्युअल सुचवण्याचं कारण हेच. क्लच प्लेट झिजली तरी बिल मेकॅट्रॉनिकच्या पासंगालाही पुरत नाही, आणि घाटात गिअर कधी पाडायचा हे तुमच्या हातात राहतं.

आणि मॅपिंग, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं. कुणीतरी सांगणारच की चाळीस-पन्नास हजारांत १५० चे १८५ पीएस होतात. होतात. पण टॉर्क ३०० च्या पुढे जातो आणि तो वर सांगितलेल्या २५० च्या गिअरबॉक्सवर आदळतो. ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, फेरफाराची खूण राहते, सर्व्हिस सेंटरमध्ये ती दिसते आणि वॉरंटी नाकारली जाते. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीत आणतो. तीस-पस्तीस पीएससाठी ही जोखीम महाग आहे.

आरएस २३० मध्ये गोष्ट वेगळी. २३० पीएस, ३५० न्यूटन-मीटर आणि तेलात बुडालेल्या क्लचचा सहा गिअरचा डीक्यू२५०. हा ताप सहन करतो, पण त्याचं तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलावं लागतं. 'आजीवन तेल आहे, बदलायची गरज नाही' असं विक्रेता म्हणाला तर समजून घ्या की ते बदललेलं नाही. दोन लिटर इंजिनाचं ठरलेलं दुखणं म्हणजे थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाच्या प्लास्टिक घरातून होणारी कूलंटची गळती. टाकीतली पातळी हळूहळू उतरते, खाली डाग पडत नाही, आणि एक दिवस चढावर तापमान वर जातं. इंजिन थंड असताना पातळी पाहा, तासभर चालवा, रात्रभर थंड होऊ द्या, परत पाहा. थेट इंजेक्शनमुळे इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साचते. ६०-७० हजारांनंतर थंड इंजिन सुरू होताना थरथरलं तर व्हॉल्व्ह साफ करायचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

जुनी गाडी बघताना सांगली-कोल्हापूर भागातल्या माणसाने एक गोष्ट सगळ्यांत आधी तपासायची: ही गाडी पुराच्या पाण्यात बुडाली होती का? कृष्णेचा पूर २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये सांगलीने पाहिलाय, २०२१ मध्ये चिपळूणही बुडालं. बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, आतल्या टोकाला गढूळ पाण्याची रेषा दिसते. पुढच्या सीटखालचं कार्पेट उचलून रुळांवर गंज आणि चिखलाचा बारीक थर बघा. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. डॅशबोर्डखालच्या वायरिंग कनेक्टरवर हिरवट थर असला तर गाडी कितीही स्वस्त असो, उठून या. आधुनिक गाडीत पाणी शिरलं की बिघाड लगेच येत नाही, दोन-तीन पावसाळ्यांनी एकेक सेन्सर मरायला लागतो.

बाकी तपासणी ठरलेली. रंगाच्या जाडीचं मीटर सगळ्या पत्र्यांवर फिरवा: कारखान्याचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन, २०० च्या वर गेला तर तो भाग पुन्हा रंगवलाय, आणि चारशे-पाचशे म्हणजे खाली पुटी आहे. टायरवरचे चार आकडे वाचा, ३५२२ म्हणजे २०२२ सालचा पस्तिसावा आठवडा. बिघाड वाचणारं स्कॅनर यंत्र लावून सगळ्या ईसीयूंचे कोड काढा, आणि हे काम विक्रेत्याच्या ओळखीच्या नव्हे, तुम्ही निवडलेल्या माणसाकडून करून घ्या. चॅसिस नंबरवरून सर्व्हिसची पूर्ण नोंद मागा. वाहन पोर्टलवर कर्जाचा बोजा, चलनं आणि मालकांची संख्या बघा. गाडी दुसऱ्या राज्याची असेल तर तिथली एनओसी म्हणजे फॉर्म २८, हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५, आणि महाराष्ट्राचा रस्ता कर असं सगळं लागतं. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ परराज्याच्या नंबरवर गाडी इथे ठेवता येत नाही. दिल्ली-बंगळुरूची स्वस्त दिसणारी गाडी एमएच-११ होईपर्यंत कितीला पडते, ते आधी साताऱ्याच्या आरटीओत विचारून घ्या.

किमतीकडे वळू. शोरूमचा भाव आणि रस्त्यावरचा भाव यांत महाराष्ट्रात मोठी दरी असते. वैयक्तिक पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२ आणि त्यावर १३ टक्के रस्ता कर. आयात केलेल्या पूर्ण बांधणीच्या गाडीला आणि कंपनीच्या नावावरच्या गाडीला २० टक्के. अठरा लाखांच्या व्हर्टसवर कर २ लाख १६ हजार, दहा लाखांवरच्या गाडीचा एक टक्का टीसीएस, म्हणजे खरेदीवेळीच घेतला जाणारा आयकर, १८ हजार (हा विवरणपत्रात परत मिळवता येतो), विमा साठ ते ऐंशी हजार. एकूण एकवीसच्या आसपास. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्या सगळ्यांना ४० टक्के आहे. म्हणून ह्युंदाई आय२० एन लाइन, १.० टर्बो, १२० पीएस, हिच्याकडे एकदा तरी गंभीरपणे बघा. रुपयामागे मजा हाच एकमेव निकष असता तर तिचा नंबर पहिला लागला असता. पुण्याच्या हायवेवर चार माणसं आणि सामान घेऊन ती कमी पडते, एवढाच तिचा दोष.

आता पाच वर्षांत ६०,००० किलोमीटर धरून पेट्रोलशिवायचा खर्च मांडू. आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या भागातले भाव घालून पुन्हा मांडा, पण प्रमाण फारसं बदलणार नाही. नवी व्हर्टस २१ लाखांची, पाच वर्षांनी १० ला गेली: तूट ११. विमा सव्वादोन, सर्व्हिस पाऊण, टायर चाळीस हजार. एकूण सुमारे साडेचौदा लाख, किलोमीटरला २४ रुपये. आरएस २३० समजा १८ लाखांना मिळाली आणि ११ ला गेली: तूट फक्त ७. पण विमा सव्वादोन, सर्व्हिस-दुरुस्ती वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास धरून ६, टायरचे दोन संच मिळून १ लाख ४० हजार. एकूण पावणेसतरा, किलोमीटरला २८. आणि जुनी दोन दारांची जर्मन गाडी २५ ला घेतली, १३ ला गेली: तूट १२. विमा ३, देखभाल वर्षाला साडेतीन धरून साडेसतरा, टायर पावणेदोन. एकूण चौतीस लाखांच्या वर, किलोमीटरला ५७ रुपये. त्यातून अकरा वर्षांच्या गाडीच्या पासिंगची चारच वर्षं उरलेली, आणि पंधरा वर्षांनंतर आयात चारचाकीचं फेरनोंदणी शुल्कच ४०,००० रुपये.

या तिसऱ्या गाडीचे सुटे भाग नव्या गाडीच्या भावाने येतात. घसारा गाडीला लागतो, सस्पेन्शनच्या आर्मला लागत नाही. ज्या गाडीची मूळ किंमत सत्तर लाख होती, तिचं बिल आजही सत्तर लाखांच्या गाडीचंच असतं. शिवाय सर्व्हिस पुण्यात, म्हणजे एकेरी ११० किलोमीटर, आणि गाडी बंद पडली तर टोइंग गाडी अख्खी वर चढवणारी फ्लॅटबेडच हवी, चाक उचलून ओढणारी चालत नाही.

आरएस घेताना एकच नियम पाळा: खरेदी किमतीच्या वीस टक्के रक्कम वेगळ्या खात्यात पडून राहिली पाहिजे. अठरा लाखांच्या गाडीला तीन लाख साठ हजार. तेवढे उरत नसतील तर बजेट अठराचं नाही, पंधराचं आहे.

गाडी खालून घासणं हा विनोदाचा विषय नाही, इंजिनखालचा तेलाचा चेंबर फुटला की इंजिन जातं. नियमानुसार स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. गावातल्या रस्त्यावरचे किती त्या मापाचे आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. अरुंद आणि उभ्या चढाचा ब्रेकर लांब व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेल्या गाडीला मधोमध टेकतो. व्हर्टसचा जमिनीपासूनचा क्लिअरन्स रिकामी असताना १७९ मिलिमीटर, म्हणजे चार माणसं बसवूनही निभावते. आरएसची उंची साध्या ऑक्टाव्हियापेक्षाही कमी. घ्यायच्या आधी चार माणसं बसवून तुमच्या घराच्या गल्लीत, सोसायटीच्या रॅम्पवर आणि रोजच्या रस्त्यावरच्या सगळ्यात वाईट ब्रेकरवर तिरकी न करता, सरळ चढवून बघा.

इंधनाचं एकच सांगतो. पेट्रोलच्या झाकणाच्या आत ऑक्टेनचा आकडा लिहिलेला असतो. ९५ लिहिलं असेल तर तेवढ्याचं घाला, त्याहून वरचं घालून व्हर्टसला काही मिळत नाही. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे रबरी भाग २० टक्के इथेनॉलला चालणारे आहेत. त्याआधीच्या आयात गाडीचं कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

इलेक्ट्रिकबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. मोठ्या, ७९ किलोवॅट-तास बॅटरीची महिंद्रा बीई ६ देते २८६ पीएस आणि ३८० न्यूटन-मीटर, शून्य ते शंभर ६.७ सेकंदांत, रस्ता कर सध्या माफ, जीएसटी ५ टक्के. पंचवीसच्या थोडं आगेमागे मिळणारी एवढी ताकद पेट्रोलमध्ये दुप्पट पैसे मोजूनही सहज मिळत नाही. घाट उतरताना वर मोजलेला ताप ब्रेकमध्ये न जाता बराचसा बॅटरीत परत येतो, ही घाटवाल्यांसाठी मोठी गोष्ट. पण गाडी उंच आणि जड आहे, आणि यवतेश्वरच्या लागोपाठच्या वळणांत ते वजन इकडून तिकडे झुलताना जाणवतं. ओव्हरटेकची ताकद हवी असेल तर ती घ्या. वळणांची मजा हवी असेल तर व्हर्टस.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवतीच्या चक्करवर संपवू नका. समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाट चढून परत या, निदान पाऊण तास. वर सपाटीला मोकळा रस्ता बघून तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० चा वेळ शेजारच्याला मोबाइलवर व्हिडिओ करून मोजायला सांगा, आणि ज्या दोन गाड्यांत निवड करताय त्या दोन्हींचा एकाच जागी मोजा. मागे कुणी नसताना ८० वरून तीनदा लागोपाठ कडक ब्रेक मारा आणि तिसऱ्या वेळी पेडल पहिल्यासारखंच आहे का ते पाहा. उतरताना दुसऱ्या गिअरवर इंजिन किती रोखून धरतं तेही बघा, डीएसजी असेल तर मॅन्युअल मोडमध्ये टाकून. पाठीमागे एका जाणत्या माणसाला बसवा, सस्पेन्शनचा खडखडाट चालवणाऱ्यापेक्षा मागच्या सीटवर आधी ऐकू येतो.

व्हर्टस ठरली तर बुकिंग डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत करा. मागच्या वर्षी बनलेल्या गाडीवर सवलत जास्त मिळते, पण पाच वर्षांनी विकताना आरसीवरचं उत्पादन वर्षच विचारलं जातं, त्यामुळे सवलत पाऊण-एक लाखाच्या खाली असेल तर नव्या वर्षाचीच घ्या. पैसे पूर्ण भरण्याआधी आणि पासिंगच्या आधी यार्डात जाऊन गाडी दिवसाउजेडी बघा: चॅसिस नंबर, उत्पादनाचा महिना, चारही टायरची तारीख, किलोमीटर पन्नासच्या आत, रंग मीटरने. विम्यात झिरो डेप (दाव्यातून सुट्या भागांचा घसारा न कापणारं कलम), इंजिन संरक्षण आणि पूर्ण बीजक किंमत परत मिळणारं कलम, ही तीन घ्या, बाकी जोडण्या सोडल्या तरी चालतील. पहिले १,५०० किलोमीटर इंजिन एकाच वेगावर रेटत ठेवू नका, पेडल पूर्ण दाबू नका. नवे पॅड बसायला पहिले दोन-तीनशे किलोमीटर जातात, तोवर पसरणी उतरायची वेळ आली तर दुसऱ्या गिअरवर, सावकाश.